ऐकू न येणारी गिटार

माझा मामा चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतो आणि सुट्टीच्या दिवशी एका बँडमध्ये गिटार वाजवतो. दोन्हीकडे काम एकच, असं त्याचं म्हणणं. समोरच्याला विचारायचं, "हे बरं, की हे?" दुकानात तो डोळ्यापुढची काच बदलून विचारतो. घरी पायानं बटण दाबून गिटारचा आवाज बदलतो आणि विचारतो. दुकानात उत्तर द्यायला गिऱ्हाईक असतं. घरी मी.

माझ्या कानांबद्दल आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाची फसवणूक नको. आमच्या छोट्या गावच्या शाळेत संगीताचा तास म्हणजे गणिताच्या सरांना राहिलेला धडा संपवायची सोय. त्यामुळे मामानं एकामागून एक दोन आवाज ऐकवले की मला दोन्ही गिटारचेच वाटतात. मी आपला 'दुसरं' म्हणतो, कारण ते ताजं असतं. मामा मान हलवतो, दुसरं ठेवतो आणि लगेच त्याला नवा जोडीदार शोधायला लागतो. तो मशिनकडे बघतो, मी त्याच्याकडे. असं आमचं संगीत.

मामी गेल्यावर आईनं मला मामाकडे पाठवलं. सांगताना नोकरीचं कारण सांगितलं, आणि नोकरी लागलीही; कुरियर कंपनीत पत्ते चुकलेली पार्सलं मी योग्य माणसाकडे वळवतो. खरं कारण आईच्या धाकट्या भावावर लक्ष ठेवणं. मामी गेली तेव्हा मामा रडला नाही. नंतरही रडला नाही. ते आईच्या जिवाला फार लागलं होतं. तिच्या मते माणसानं आधी रडावं, मग मोकळं व्हावं, मग जेवावं. मामा मधलं सगळं गाळून थेट जेवणावर आला होता. संध्याकाळी तिचा फोन यायचा, "आज तरी रडला का रे?" आणि मी हवामान सांगावं तसं सांगायचो. नाही. कपडे इस्त्री केले. नळ गळतोय, वॉशर आणायला हवा म्हणाला.

"एवढंच?"

"वॉशर आणला पण."

आई सुस्कारा टाकून फोन ठेवायची.

पण मामा दुःखी होता असंही म्हणता येत नव्हतं. दुःखी माणूस निदान चिडतो तरी. एकदा मी मुद्दाम रश्शात मीठ घातलं नाही. मामानं वाटी संपवली, धुतली, पालथी घातली. मी विचारलं, कसं झालं होतं? "बरं होतं." दुसऱ्या दिवशी दुप्पट मीठ घातलं. तेही बरं होतं. मग मीच शहाणा झालो, कारण मामाबरोबर मलाही तेच खावं लागत होतं.

त्याचं जे काही चालू होतं ते त्या मशिनमध्ये. मशीन म्हणजे शाळेच्या दप्तराएवढी चपटी पेटी, वर पायानं दाबायची आणि हातानं फिरवायची बटणं आणि एक छोटा पडदा. पूर्वी गिटारवाल्यांना प्रत्येक आवाजासाठी वेगळा ॲम्प, म्हणजे तो जड खोका, उचलून न्यावा लागायचा. आता ते सगळे खोके या पेटीत नक्कल होऊन बसलेत. गिटारची वायर पेटीत घालायची, पेटीची वायर थेट हॉलच्या मिक्सरला. स्टेजवर खोका नाही, पाठ दुखणं नाही. मामा वाजवतो ते त्याला कानातल्या छोट्या मॉनिटरमध्ये ऐकू येतं आणि लोकांना हॉलच्या मोठ्या स्पीकरमधून.

निदान तसं यायला हवं.

झालं असं की एका बँकेच्या कर्मचाऱ्यांचा कार्यक्रम होता आणि मी पहिल्यांदाच प्रेक्षकांत बसलो. एरवी मी सामान उतरवून द्यायचो आणि घरी जायचो. बँडमध्ये चौघं. कीबोर्ड वाजवणारा आणि बँड चालवणारा तो कॅप्टन. घरात, दारात, सगळीकडे तो एकच निळी टोपी घालतो म्हणून कॅप्टन. एक गाणारी ताई, एक ड्रमवाला, आणि मामा. शिवाय कॅप्टनकडे एक लॅपटॉप, ज्यातून व्हायोलिन वगैरे, म्हणजे जी माणसं परवडत नाहीत ती वाजतात.

तिसऱ्या की चौथ्या गाण्यात मधला मोठा तुकडा गिटारचा होता. मामा पुढे आला, वाजवायला लागला, आणि तार तुटली. मला समोरून स्पष्ट दिसली, लोंबकळत होती. मामानं शांतपणे गिटार काढली, मागे गेला, दुसरी गळ्यात अडकवली, वायर बदलली.

या सगळ्या वेळात गिटार वाजत होती.

सुंदर वाजत होती. बँकवाले माना डोलवत होते. एकानं तर हवेत बोटं हलवून साथही दिली. मामाच्या हातात तेव्हा वायरचं टोक होतं. मी मागे वळून साउंडवाल्याकडे बघितलं. हा माणूस कानात कापसाचे बोळे घालून मिक्सरपाशी बसतो, म्हणून सगळे त्याला बहिरा म्हणतात. बहिऱ्यानं माझ्याकडे बघितलं आणि नजर छताकडे नेली.

सामान भरताना मी कॅप्टनला गाठलं. त्यानं ताकाला जाऊन भांडं लपवलं नाही. म्हणाला, बरेच दिवस झाले, मामाची गिटार बाहेर बंद आहे. लॅपटॉपमधली वाजते. कार्यक्रमाला परतला तेव्हापासून त्याचा आवाज हॉलमध्ये उघडला की काही कळतच नाही, नुसतं काहीतरी गच्च भरल्यासारखं वाटतं, ताईला स्वतःचा सूर सापडत नाही. आणि बायको जाऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता अशा माणसाला, बाबा रे, तुझा आवाज चिखल झालाय, हे कोण सांगणार? कॅप्टननं त्यातल्या त्यात दया केली. बहिऱ्याला सांगितलं, मिक्सरवरची मामाच्या आवाजाची सरकपट्टी खाली ठेव, त्याच्या स्वतःच्या कानात मात्र त्याला त्याचीच गिटार ऐकू येऊ दे. ॲम्प असता तर लपलं नसतं. स्टेजवर खोका गरजला नाही हे आंधळ्यालाही कळतं. पेटीमुळे जमलं.

"वाटलं होतं, येईल हळूहळू ताळ्यावर," कॅप्टन म्हणाला. मग टोपी काढून पुन्हा घातली. हे तो अडचणीचं बोलण्याआधी करतो. पुढच्या रविवारी एका मोठ्या कंपनीचा कार्यक्रम होता, नंतर वर्षभर त्यांचीच कामं मिळायची शक्यता, आणि त्यांच्या माणसानं स्टेज लहान आहे, तिघंच या, असं सुचवलं होतं. लॅपटॉप वाजवतोच आहे, तर माणूस उभा कशाला करायचा? कॅप्टन या घडीपर्यंत नाही म्हणत आला होता. "रविवारी तो बाहेर ऐकू आला तर चौघं. नाही तर मला काही करता येणार नाही. सांग त्याला."

"मी?"

"तू भाचा आहेस."

म्हणजे कानामागून आला लॅपटॉप आणि तिखट झाला, आणि ते सांगायचं कुणी, तर ज्याला पहिलं-दुसरं कळत नाही त्यानं. मी आठवडाभर दुसऱ्यांची चुकलेली पार्सलं बिनचूक वळवत होतो आणि हे एक पार्सल खिशात घेऊन हिंडत होतो. संध्याकाळी मामा छोट्या स्पीकरवर, अगदी हळू, आवाज जुळवत बसायचा. "हे बरं, की हे?" मी आता 'दुसरं' म्हणायलाही कचरायला लागलो. त्याच्या बोटांत गडबड नव्हती, वाजवण्यात चूक नव्हती. लक्ष दिल्यावर एवढं मात्र मलाही जाणवलं की त्याचे सगळे आवाज एकाच घरातल्या सख्ख्या भावंडांसारखे होते. मऊ. कडा नसलेले. ऐकताना पापण्या जड व्हायच्या.

शनिवारी जेवणाच्या सुट्टीत मी त्याच्या दुकानात गेलो. दुकानात कुणी नव्हतं. मामानं काही न विचारता मला खुर्चीत बसवलं आणि नाकावर ती तपासायची जड चौकट ठेवली. नातेवाईक दिसला की डोळे तपासायचे, ही त्याची पाहुणचाराची पद्धत. समोर अक्षरांचा तक्ता.

"हे बरं, की हे?"

"मामा, तुझी गिटार बाहेर ऐकू येत नाही."

त्यानं काच काढली, पुसली, दुसरी घातली. "आणि हे?"

"बहिरा तुला बंद ठेवतो. बाहेर लॅपटॉप वाजतो. त्या दिवशी तार तुटली तरी गिटार चालूच होती."

"खालून दुसरी ओळ वाच."

मी वाचली. त्यानं दुसऱ्या डोळ्यावर झाकण लावलं. मी त्या अर्धवट आंधळ्या अवस्थेत उरलेलं सगळं सांगितलं, रविवारचं, तिघांचं. त्याचा चेहरा माझ्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर होता आणि त्यावर काहीही झालं नाही. मला तर वाटलं, त्याला नीट ऐकूच गेलं नाही, म्हणून पुन्हा सांगायला तोंड उघडलं.

"कळलं," तो म्हणाला. चौकट काढली. "तुला नंबर नाही. डोळे चांगले आहेत तुझे."

एवढ्यात एक बाई मुलीला घेऊन आत आल्या. मामा उठला.

रविवारी आम्ही कंपनीच्या हॉलवर सकाळीच पोचलो. कार्यक्रम दुपारी होता. खुर्च्या मांडून तयार, माणूस एकही नाही. मामानं पेटी लावली, सूर जुळवले आणि सरळ बहिऱ्याकडे जाऊन म्हणाला, माझी पट्टी वर घे. कापसाचे बोळे असूनही बहिऱ्याला पहिल्या फटक्यात ऐकू गेलं. त्यानं कॅप्टनकडे बघितलं. कॅप्टन बुटाची नाडी बांधायला वाकला. त्याच्या बुटांना नाड्या नव्हत्या.

पट्टी वर गेली.

त्या पेटीत एक सोय आहे. आपण वाजवलेला तुकडा ती धरून ठेवते आणि पुन्हा पुन्हा तोच वाजवत राहते. मामानं एक तुकडा वाजवून तिच्या ताब्यात दिला, गिटार खाली ठेवली आणि पायऱ्या उतरून रिकाम्या खुर्च्यांमधून चालत पार शेवटच्या रांगेत जाऊन बसला. मीही शेजारी बसलो. नुसती गिटार वाजत होती तोवर ठीक वाटत होतं, जरा शेजारच्या खोलीतून येतेय एवढंच. मग कॅप्टननं खूण केली आणि ड्रम, कीबोर्ड सुरू झाले.

गिटार गेली. कुठे गेली ते सांगता येत नाही. ती वाजत होती हे पेटीवरचा लुकलुकणारा दिवा सांगत होता, पण कानांना फक्त एक ओझं कळत होतं. पांघरुणात तोंड खुपसून कुणी बोलत असावं तसं.

मामानं पूर्ण तुकडा दोनदा ऐकला. "हे बाहेर जात होतं?" त्यानं विचारलं.

"जात नव्हतं, म्हणून तर..."

"हं."

तो स्टेजवर गेला, पेटीपुढे गुडघे टेकून बसला. बहिराही उठून आला, मागोमाग मी. त्याच्या धंद्यात ही चूक सर्रास सापडते म्हणे. घरी हळू आवाजात जे गोड लागतं ते हॉलमध्ये चिखल होतं, कारण खालचा भाग खोलीत भरायला लागतो आणि वरची धार ड्रमखाली दबते. त्यानं भराभर सांगितलं. बेस काप. मधला भाग वाढव. रिव्हर्ब, म्हणजे तो घुमारा, निम्म्यावर आण, हॉल स्वतःचा घुमारा फुकट देतो. मामा सांगेल तसं करत गेला. प्रत्येक वेळी खाली उतरून, मागे जाऊन, ऐकून परत. गिटार जरा जरा दिसायला लागली, धुक्यातून माणूस यावा तशी, पण तोंड अजून दिसत नव्हतं.

"आता ट्रेबल, ती वरची धार," बहिरा म्हणाला, आणि पडद्यावर वाकून बघत राहिला. "मामा, अहो, हे शून्यावर आहे. हे कुणी केलं?"

मामाचं बोट बटणावर होतं. फिरवत नव्हता.

"हिला टोचायचं," तो म्हणाला.

कॅप्टननं कीबोर्डवरून हात काढले. ड्रमवाल्याचं लक्ष नव्हतं, त्यानं आणखी एकदा झांज वाजवली आणि मग तोही थांबला.

मामानं मग जे सांगितलं ते नळाच्या वॉशरच्या आवाजात सांगितलं. मामीचं दुखणं डोक्याचं होतं. शेवटी शेवटी चमचा पडला तरी तिच्या कपाळात कळ जायची. पण गिटार तिला हवी असायची. मग हा पलंगापाशी छोटा स्पीकर ठेवून बसायचा आणि विचारायचा, हे बरं, की हे? तिला बोलवत नसे, तेव्हा तो तिच्या भुवयांकडे बघायचा. भुवई आकसली की एक घर खाली. पुन्हा आकसली की आणखी एक. असं करत करत पेटीतला एकेक आवाज त्यानं तिच्या कपाळाला मानवेल असा करून ठेवला होता. सगळेच.

"मग ते बदललं नाही का नंतर?" बहिऱ्यानं विचारलं.

"चांगलं वाटायचं."

कॅप्टनची टोपी दोनदा निघाली आणि परत बसली. मला वाटलं, आता रडेल. आईला आज काहीतरी सांगता येईल. पण मामा कोरड्या डोळ्यांनी बटणाकडे बघत होता. बटण फिरवणं न फिरवणं त्याला सारखंच असावं, आणि त्यामुळेच ते फिरत नसावं.

शेवटी बहिराच बोलला. त्यानं एका कानातला बोळा काढला. "मामा, समोर चारशे धडधाकट माणसं बसणारेत. पोटभर जेवून येणारेत. त्यांना टोचू दे की जरा."

मामानं त्याच्याकडे बघितलं. मग बटण फिरवलं. एक घर, मग एकदम तीन-चार. आणि तो वाट बघावी तसा थांबला. हॉलमध्ये काही आकसलं नाही. खुर्च्या होत्या तशा होत्या.

मागच्या रांगेत परत जाऊन मी ऐकलं. कॅप्टननं पुन्हा खूण केली. ड्रम आणि कीबोर्डच्या मधून गिटार आली, सुई कापडातून वर यावी तशी. मला पहिलं आणि दुसरं यांतला फरक आयुष्यात एकदाच कळला, आणि नेमकं तेव्हा मला कुणी विचारलं नाही.

मामानं विचारलं ते बहिऱ्याला. "मागे पोचतंय?"

"मागे? अहो, गेटवरच्या वॉचमनला पोचतंय."

मामानं तो आवाज जपून ठेवायचं बटण दाबलं. चेहरा तोच, दुकानात फ्रेमचा स्क्रू आवळतानाचा. कॅप्टन लॅपटॉपवर वाकला आणि त्यानं त्यातली गिटार काढून टाकली. काढताना मला खुणेनं दाखवलं, की बघ, काढली.

दुपारी हॉल भरला. पहिलं गाणं नीट गेलं. दुसऱ्याची सुरुवात गिटारनं होती. ड्रमवाल्यानं काड्या एकमेकींवर आपटून मोजायला सुरुवात केली, आणि मोजणं पुरं व्हायच्या आत मामा सुटला.

सुटला तो लख्ख सुटला. चारशे माणसांच्या डोक्यांवरून एकटी गिटार, मागे कुणी नाही, आणि तीही दोन घरं चुकलेली, कारण घाईत बोटं सरकली होती. इतका बिनचूक चुकीचा सूर मी ऐकलेला नाही. लॅपटॉप असता तर हे कुणाला कळलंही नसतं. ताईनं माईक तोंडापासून लांब धरून हसू दाबलं. पहिल्या रांगेतल्या एका साहेबांनी जेवणाची सुस्ती सोडून ताठ बसत स्टेजकडे बघितलं, आणि जाणकारासारखी मान हलवली. कॅप्टनचा हात लॅपटॉपकडे गेला. तिथे घुटमळला. मग त्यानं तो हात कीबोर्डवर ठेवला आणि ड्रमवाल्याला पुन्हा मोज म्हणून खुणावलं.

मी मामाकडे बघत होतो. त्याचे कान लाल झाले होते. आधी कान, मग मान. इतके महिने मी त्या माणसाला मिठापासून मरणापर्यंत सगळ्याला 'बरं' म्हणताना बघितलं होतं, आणि आता तो चारशे माणसांसमोर शरमेनं लाल होऊन उभा होता, जमिनीकडे बघत, पायानं उगाच वायर सरकवत.

दुसऱ्यांदा मोजल्यावर तो बरोबर सुटला. पुढचं सगळं ठीक झालं. टाळ्या पडल्या, कंपनीच्या कार्यक्रमात पडतात तेवढ्या. कंपनीचा माणूस कॅप्टनशी बोलून गेला आणि कॅप्टननं आम्हाला फक्त चार बोटं दाखवली. मामानं ती बघितली की नाही, मला कळलं नाही. तो वायर गुंडाळत होता आणि गुंडाळताना पुटपुटत होता.

गाडीत बसल्यावर पुटपुटणं मोठं झालं.

"तो गधडा चार मोजतो म्हणतो आणि तीनच मोजतो."

मी म्हटलं, मामा, त्यानं चारच मोजले असते, तू तिसऱ्यालाच सुटलास.

"तू होतास का स्टेजवर?"

"समोर होतो."

"समोरून काय कळतं? तिथं उभं राहून बघ." त्यानं गाडीचं दार आपटलं, नीट लागलं नाही म्हणून उघडून पुन्हा आपटलं. "इतकी माणसं, आणि सगळ्यांनी ऐकलं. ताई हसत होती, मला दिसलं. त्या टोपीवाल्यालाही हसू येत होतं. तुलाही येतंय."

मला येत नव्हतं. पण ते सांगून उपयोग नव्हता. चौकातून वळेपर्यंत तो ड्रमवाल्याचे जुने गुन्हे एकेक करून काढत राहिला, मामी असल्यापासूनचे. मग सिग्नलला थांबलो तेव्हा, समोर बघत, अजून रागातच म्हणाला,

"पुढच्या रविवारी त्याला मोठ्यानं मोजायला सांग. तोंडानं."